रविवारची पट्टी

महाड,
सोमवार, ३० नोव्हेंबर १९६४

चि. चिंतामणी,

आशीर्वाद. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, खुर्चीवर बस. गोदीला दम्याचा त्रास सुरू झाला आहे. घाबरायचं कारण नाही आणि पुढची एस.टी. पकडून इकडे यायचंही कारण नाही.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून आली तेव्हा छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. काल रविवारी पुन्हा तेच. आज डॉक्टरांकडे नेलं. घरात कुणाला होता का, असं त्यांनी विचारलं. मी आपल्या आईचं सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "पोरीला मोकळ्या हवेत ठेवा." मी विचारलं, महाडची हवा काय कुणी बांधून ठेवली आहे? ते हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

जूनपासून दिवाळीपर्यंत तुझी मुलगी माझ्याकडे राहिली आणि साधी शिंकली नाही. सहामाहीला वर्गात दुसरी आली. (गणितातले चार गुण धांदरटपणाने घालवले, ते तिला माहीत आहे.) दिवाळीची सुट्टी संपवून आली आणि आठवड्याच्या आत हे. म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललं आहे. काय ते शोधून काढायचं, एवढंच काम. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकले आणि पुढे तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं, ते अगदीच वाया गेलं नसेल.

आईचं धुपाटणं तू गोदीबरोबर पाठवलंस ते पोचलं. बनुबाईने चिंच लावून लख्ख केलं. काल न्हाणं झाल्यावर ऊद घालून वापरलं. घरभर आईचा वास आला. असो.

आनंदीला सांग, पोरीच्या आईने रडायचं नाही.

तुझी
ताई


पोलादपूर,
गुरुवार, ३ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

खुर्चीवर बसूनच वाचायला घेतलं, पण दुसऱ्या ओळीला उभा राहिलो. पोस्टात तेव्हा पाच माणसं तिकिटांसाठी थांबली होती. त्यांतला एकजण म्हणाला, "मास्तर, कुनी गेलं काय?" मी म्हटलं, नाही रे, बहिणीचं पत्र आहे.

तू शोध घेणार हे ठीक. तुझ्या बुद्धीवर माझा विश्वास आहे, लहानपणी तुझ्याच वहीतून उतरवून मी पास झालो. पण ताई, आईला शेवटच्या वर्षी उशांना टेकून बसलेली मी पाहिली आहे. तू तेव्हा पुण्याला कॉलेजात होतीस. तू ते पत्रांत वाचलंस, मी शेजारी बसून ऐकलं. तो आवाज गोदीच्या छातीतून येतो हे वाचल्यावर माझ्यात धीर राहिलेला नाही.

म्हणून एक ठरवतो आहे, रागावू नकोस. संक्रांतीपर्यंत बघतो. तोवर त्रास थांबला नाही तर तिला घरी आणतो. इथे सातवीच्या पुढे शाळा नाही, हे तू सांगायच्या आधी मीच लिहितो. आनंदीची बहीण उमरठला मुलींना शिवण शिकवते, तिच्याकडे जाईल. कमी शिकलेली मुलगी मला चालेल, धडधाकट असली म्हणजे झालं.

रावजी कंडक्टर दर रविवारी सकाळच्या गाडीने डबा आणून देईल. कडबोळी आहेत. गोदीला आवडतात. तुलाही आवडतात, पण ते तू कबूल करणार नाहीस.

तुझा
चिंतू


महाड,
सोमवार, १४ डिसेंबर

चि. चिंतू,

आशीर्वाद. संक्रांतीची मुदत मान्य. शिवणाबद्दल एक अक्षर ऐकायचं नाही. या मुलीला शिवण शिकवणं म्हणजे त्या शिवणावरही अन्याय आहे, तिने घातलेला टाका तू पाहिलेला दिसत नाहीस.

आता कामाचं. माझं एक जुनं पांढरं पातळ फाडून त्याच्या वीतभर पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टीला एरंडेलाचा हलका हात दिला, म्हणजे हवेतलं जे काही असेल ते चिकटून राहतं. एक पट्टी रस्त्याकडच्या खिडकीबाहेर, एक मागच्या परसात. रोज सकाळी सातला दोन्ही काढायच्या, पेन्सिलीने वार घालायचा, नव्या लावायच्या. पांढऱ्या पट्टीला शून्य, सगळ्यात काळीला पाच. गुण मी आणि गोदी वेगवेगळे देतो आणि मग ताडून बघतो. ती उदार आहे, मी नाही.

गाड्यांची मोजणी बनुबाईकडे दिली. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसते आणि ट्रक किंवा एस.टी. गेली की डब्यात एक चिंचोका टाकते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, गाड्या मोजून काय होनार हाय? त्या काय आपल्या दारात वरात घेऊन येतायत?" मी म्हटलं, तू मोज. मंगळवारी एकतीस चिंचोके. बुधवारी चौतीस. शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, दुपारीच चिंचोके संपले. मग तिने घरातले वाल टाकले. संध्याकाळी मी डबा मागितला तर म्हणाली, "वाल व्हय? ते आमटीत घातलं. तुमीच नाय का आता जेवलात?" अशा रीतीने एका शुक्रवारची मोजणी आपण खाल्ली. दुसऱ्या शुक्रवारी चिंचोके वाढवून दिले. सत्त्याऐंशी निघाले.

पट्टीही तसंच बोलते. सोमवार ते बुधवार एक किंवा दोन. गुरुवारी तीन. शुक्रवारी पाच. शनिवारी उतरते. रविवारी रस्ता निजलेला असतो, कचेरी बंद, कोर्ट बंद, पट्टी जवळजवळ पांढरी. बैलगाड्यांचीही धूळ उडते, पण ती तपकिरी, फुंकर मारली की जाते. ट्रकची काजळी काळी आणि चिकट, साबणालाही दाद देत नाही. पावसाळ्यात रोज सगळं धुऊन जात होतं, म्हणून दिवाळीपर्यंत आपल्याला पत्ता लागला नाही. गाव एकच, रस्ता एकच, पण शुक्रवारची हवा मंगळवारची नव्हे, हे मला बावीस वर्षं या घरात राहून कळलं नव्हतं.

आता माझी चूक लिहिते. माडीवरची समोरची खोली मी गोदीला दिली होती. घरातली सगळ्यात चांगली खोली, भरपूर उजेड, खिडकीशी टेबल. बाजाराच्या दिवशी बरोबर त्याच खिडकीखाली ट्रक इंजिन चालू ठेवून उभे असतात. तिचं अंथरूण आणि टेबल आता मागच्या खोलीत हलवलं आहे.

रविवारचं मात्र जमत नाही. दोन्ही रविवारी दुपारनंतर धाप लागली. शुक्रवारी आत गेलेली काजळी दोन दिवसांनी त्रास देत असावी, असं सध्या धरून चालले आहे. शुक्रवार सुधारला की रविवार सुधारेल.

तुझी
ताई

कडबोळी जरा जास्त तळली गेली होती.


पोलादपूर,
गुरुवार, १७ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

आनंदी म्हणते, ताईंनी मुलींना सोडलं आणि आता हवेला परीक्षेला बसवलं. गुण देण्यात तरी हात सैल सोड, असं तिचं सांगणं आहे.

तुझं पत्र वाचून मीही आज पोस्टाच्या खिडकीतून बघत बसलो. एरवी समोरून काय जातं याकडे माझं लक्ष नसतं. घाट उतरून येणारे ट्रक दुपारनंतर एकामागून एक सुरू झाले. आज गुरुवार. उद्या तुमचा बाजार. म्हणजे तुझी शुक्रवारची काजळी आदल्या दिवशी माझ्या दारावरून जाते. तिकिटाविना! पण इथे ती थांबत नाही, उतारावरून सरळ पुढे जाते. तुमच्याकडे येऊन मुक्काम करते.

जास्त तळलेली कडबोळी डब्यात एकही परत आली नाही, ती कुणी खाल्ली?

ताई, थट्टा करतो, पण मनातून भीती जात नाही. नाताळच्या सुट्टीत गोदीला इकडे पाठव. डोळ्यांनी बघू दे.

तुझा
चिंतू


महाड,
मंगळवार, २२ डिसेंबर

चि. चिंतू,

आशीर्वाद. गोदी गुरुवारी दुपारच्या गाडीने येईल. गोळ्या तिच्या पिशवीत आहेत. भूमितीचं पुस्तकही आहे, ते पिशवीतच राहणार नाही याकडे बघ.

चांगली बातमी आधी. गेल्या शुक्रवारी त्रास झाला नाही. मागची खोली, दारावर ओली चादर, शाळेला जाता-येता बाजारपेठेतून न जाता मागच्या गल्लीतून. शिवाय मी स्वतः खाली जाऊन ट्रकवाल्याला विचारलं. महिपती नावाचा माणूस आहे, मिशा मोठ्या. मी म्हटलं, माल उतरवायला तुम्हाला तास लागतो, तेवढा वेळ इंजिन कशासाठी चालू ठेवता?

तो म्हणाला, "बंद केला तर परत चालू होत नाय, बाई. मग धक्का कोन मारनार?"

मी म्हटलं, "मी मारीन."

हमाल सगळे हसले. तो हसला नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "माझी पोरगी तुमच्या शाळंत होती. तुमी तिला बाकावर उभी केलीवती." मी म्हटलं, मग काहीतरी केलं असेल तिने. तो म्हणाला, "व्हय, केलंवतं." आणि ट्रक पुढे वखारीपाशी नेऊन उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेली पट्टी पाचावरून चारावर आली. एका माणसाच्या समजूतदारपणाला एक गुण.

गावातल्या माझ्या पाच जुन्या विद्यार्थिनींच्या घरीही पट्ट्या टांगल्या आहेत. स्टँडजवळची सगळ्यात काळी. शेतांच्या बाजूला मालोजी पाटलांच्या सुनेने लावलेली शुक्रवारीही जेमतेम एक.

आता वाईट. शुक्रवारी काही झालं नाही, तरी रविवारी झालं. तेव्हा शुक्रवारची काजळी रविवारी त्रास देते हा माझा तर्क साफ चुकला. परवाच्या रविवारी बनुबाईचे सगळे मिळून चौदा चिंचोके, पट्टी आठवड्यात सगळ्यात पांढरी, आणि मुलगी सगळ्यात आजारी. दुपारी मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून जाते आणि संध्याकाळी ओठ निळसर करून परत येते.

रविवारीच काय होतं, याचा मी नीट विचार केला. रविवारी रावजी डबा आणतो. तळलेलं, तेही वाटेत गार झालेलं. चिंतू, हे तुझ्या कडबोळ्यांचं काम आहे. डबा बंद. आनंदीला वाईट वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

तुझी
ताई


पोलादपूर,
बुधवार, ३० डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

उद्या गोदीला गाडीत बसवतो. त्याआधी हे लिहिणं भाग आहे.

सहा दिवस ती इथे होती. सहा दिवस सकाळ-संध्याकाळ कडबोळी खाल्ली. तुझा डबा बंदचा हुकूम वाचून तिची आई आधी रडली आणि मग रागाने दुप्पट घाणा तळला. गोदी एकदाही खोकली नाही. रविवारीसुद्धा नाही. रविवारी न्हाली, अंगणात केस वाळवले, आणि दुपारी पोरींबरोबर टेकडीवर बोरं काढायला गेली. मी मागून चढत होतो, मलाच धाप लागली.

तेव्हा कडबोळ्यांना सोड. मला वाटतं तुझ्या पट्ट्या, चिंचोके सगळं खरं आहे, आणि त्याचा अर्थ एवढाच आहे की महाड तिला सोसत नाही. रविवारी का, शुक्रवारी का, हे कळून काय करायचं? आनंदी तर आताच पाठवू नका म्हणत होती. मी शब्द दिला आहे म्हणून संक्रांतीपर्यंत पाठवतो. चौदा तारखेला मी येतो. तिची ट्रंक भरून ठेव.

ताई, तू तिच्यासाठी काय काय करते आहेस ते मला दिसतं. रागावून उत्तर लिहिलंस तरी चालेल. पण लिही.

तुझा
चिंतू


महाड,
सोमवार, ४ जानेवारी १९६५

ती. बाबांस सा. नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हाला आहे. आईला वाचून दाखवलं तरी चालेल, पण आत्याला कळता कामा नये. तुम्ही म्हणालात, चौदा तारखेला न्यायला येणार. मला यायचं नाही. म्हणून खरं सांगते.

मला रविवारी कशाने होतं ते माहीत आहे. धुराने होतं. आत्या रविवारी मला न्हाऊ घालते. मग आजीच्या धुपाटण्यात बंबातले निखारे घालते, वर ऊद टाकते आणि त्यावर बांबूची टोपली पालथी ठेवते. मला आडवं करून माझं डोकं मांडीवर घेते आणि केस टोपलीवर पसरते. धूर वर येतो. पहिल्यांदा घेतला तेव्हाच छाती आवळल्यासारखी झाली. आता मी श्वास धरून ठेवते आणि हळूच तोंड वळवून थोडा थोडा घेते. झालं की मैत्रिणीकडे जाते असं सांगते आणि तळ्याच्या पायऱ्यांवर बसते. बरं वाटलं की घरी जाते. कधी कधी लवकर बरं वाटत नाही.

बाबा, आठवडाभर आत्या माझ्याशी बोलते ते सगळं ऊठ, बस, पाठ सरळ, दिवा पुसलास का, असं असतं. रविवारी ती एकेक बट सोडवते आणि आजीच्या गोष्टी सांगते. तुम्ही आजीच्या पोटाला बिलगून निजायचा, ते पण सांगितलं. तेव्हा तिचा आवाज वेगळाच असतो. एकदा माझ्या कपाळावर हात ठेवून ती गाणं गुणगुणत होती. मी डोळे मिटून होते म्हणून तिला वाटलं, मी झोपले.

मी सांगितलं तर ती रविवार बंद करील. ती रोज पट्ट्या उजेडात धरून विचार करत बसते, तेव्हा मला चोर असल्यासारखं वाटतं. पण सांगता येत नाही. शुक्रवारचं तिने खरंच बरं केलं आहे. रविवारचं मी सहन करीन. तुम्ही न्यायला येऊ नका आणि सांगू नका.

तुमची
गोदी


पोलादपूर,
बुधवार, ६ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

सोबत गोदीचं पत्र आहे. मी पोस्टमास्तर, दुसऱ्याचं पत्र तिसऱ्याला दाखवणं माझ्या नोकरीत गुन्हा आहे. शिवाय मुलीने सांगू नका म्हणून हात जोडले आहेत. दोन्ही मोडून पाठवतो आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता रागावू नकोस. तिच्यावर नाही, माझ्यावर नाही, आणि स्वतःवर तर मुळीच नाही. धुपाटणं पाठवायची हौस माझी. आईची एखादी वस्तू तुझ्याकडे असावी, असं दिवाळीत माळा झाडताना वाटलं.

आनंदीला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "पोरीने माझ्याजवळ असं कधी काही लपवलं नाही. एवढा जीव लावलाय ताईंनी?" तिच्या बोलण्यात थोडा मत्सर होता, तो मी तसाच कळवतो.

चौदा तारखेचं तू लिहिशील तसं. न्यायला येऊ की नुसता तिळगूळ घेऊन येऊ?

तुझा
चिंतू


महाड,
बुधवार, १३ जानेवारी
(रावजीच्या हाती)

चि. चिंतू,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. सात तारखेला दोन्ही पत्रं मिळाली. गोदीला काही बोलले नाही, आणि तूही बोलू नकोस. मला कळलं आहे हे तिला कळायची गरज नाही.

माझ्या सगळ्या पट्ट्या खिडकीबाहेर होत्या. परसात होत्या, आणखी पाच घरांवर होत्या. माझ्या स्वतःच्या माजघरात एकही नव्हती. रस्त्यावरचा धूर तेवढा धूर, आणि घरातला तो सुवास, असं मी धरून चालले. एखाद्या विद्यार्थिनीने प्रयोगाच्या वहीत ही चूक केली असती तर मी तिला पूर्ण पान पुन्हा लिहायला लावलं असतं.

रविवारी गोदी बाहेर खेळत असताना धुपाटणं पेटवलं आणि वर एक पट्टी धरली. अर्ध्या तासात ती बाजाराच्या दिवसभराच्या पट्टीहून काळी झाली. मग ते विझवून, पुसून माळ्यावर ठेवलं.

एक गोष्ट तुला एकट्यालाच लिहिते. आई दर रविवारी न्हाल्यावर केस धुपवायची आणि दुपारी खोकायची. आपण म्हणायचो, गार पाण्याने सर्दी झाली. मला ते सात तारखेच्या संध्याकाळी आठवलं. तू तिच्याजवळ बसून ऐकलंस म्हणून मला सुनावलंस, ते बरोबर होतं. पण ऐकून तुलाही कळलं नाही आणि शिकून मलाही कळलं नाही. आता यावर आपण दोघांनी पुन्हा लिहायचं नाही.

गोदीचे केस मी त्या दिवशी परसात उन्हात पंचाने कोरडे केले. तिला सांगितलं, ऊद महाग झाला आहे. एक तास लागला. धुपाटण्यापेक्षा जास्त. गोष्टी तेवढ्याच सांगितल्या, शिवाय तू शाळा बुडवून विहिरीवर पोहायला गेलास ती. ती फार हसली. संध्याकाळपर्यंत एकदाही धाप लागली नाही. त्या दिवशी ती मैत्रिणीकडेही गेली नाही.

म्हणजे रविवार सुटला. पण तुला अर्धंच लिहिलं तर ती लबाडी होईल. आठ तारखेचा बाजार संक्रांतीच्या आधीचा होता. एकशे बारा गाड्या. महिपतीचा ट्रक लांब होता, पण दुसरे सात खिडकीखाली होते. परसातल्या पट्टीलाही चार गुण पडले. मागची खोली, ओली चादर, काही उपयोग झाला नाही. त्या संध्याकाळी डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. हे मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण तू लगेच आला असतास.

रस्ता मोठाच होत जाणार. गाड्या वाढत जाणार. शुक्रवारचा बाजार मी म्हटलं म्हणून उठणार नाही आणि लोकांनी बाजार तरी का करू नये? रस्ता हलणार नाही, तेव्हा मी हलते. मालोजी पाटलांच्या घरामागे, शेतांच्या बाजूला, दोन खोल्या रिकाम्या आहेत. लहान आहेत, माझ्या पुस्तकांची निम्मी कपाटं मावणार नाहीत. शाळा तिथून वीस मिनिटं, वाट मागून जाते. तिथली पट्टी एक महिना बघते आहे, एकाच्या वर एकदाही गेलेली नाही. पुढच्या रविवारी, चोवीस तारखेला जायचं ठरवलं आहे.

बनुबाई म्हणते, "बाई, तितं तुमाला करमनार नाय. खिडकीत बसून सगल्या गावाला वलन लावायची सवय तुमची. तितं काय बगाल, कोंबड्या?" तिचं म्हणणं चूक नाही. मी कोंबड्या बघीन.

तुझी मुदत उद्या संपते. न्यायचं म्हटलंस तर ट्रंक भरलेली आहे, मी अडवणार नाही, वडील तू आहेस. पण आजवर मी तुझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. आता मागते. नव्या जागेतले दोन शुक्रवार मला दे.

तुझी
ताई


पोलादपूर,
शुक्रवार, १५ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

तू मागितलंस हे वाचून मला कसंसंच झालं. तू हुकूम कर, ते मला झेपतं.

दोन शुक्रवार दिले. काल आलो नाही कारण आलो असतो तर तोंड बघून गोदीने ओळखलं असतं, मला काही लपवता येत नाही. तिळगूळ रावजीबरोबर पाठवतो, सोबत डबाही आहे. आता कडबोळ्यांवर खटला नाही ना?

चोवीसला मी आणि आनंदी दोघंही पहिल्या गाडीने येतो. पुस्तकांची कपाटं मी उचलणार, तू फक्त उभी राहून ओरडायचं. सामान न्यायला गाडी कुणाची ठरवली आहेस? बैलगाडी असेल तर तीन फेऱ्या होतील.

तुझा
चिंतू

आनंदी म्हणते, मत्सराचं लिहिलं ते खोडा. खोडत नाही.


महाड, नवी जागा,
सोमवार, ८ फेब्रुवारी

चि. चिंतू,

आशीर्वाद. आनंदीची पाठ आता कशी आहे? कपाट तिने उचलायचं नव्हतं, तू उचलायचं होतं.

सामान आणल्याचं महिपतीने ट्रकचं भाडं घेतलं नाही हे तू गेल्यावर कळलं. विचारलं तर म्हणाला, "बाई, तुमी त्या खिडकीतून गेलात, आता आमाला शिस्त कोन लावनार? पोरं परत इंजिनं चालू ठेवायला लागली." मी त्याला सांगितलं, तिथे आता कंपौंडर राहायला आला आहे, त्याचं बाळ सहा महिन्यांचं आहे. बनुबाई सांगते की, गेल्या शुक्रवारी महिपती स्वतः खाली उतरून इतरांना पुढे पिटाळत होता. म्हणून त्या कंपौंडरच्या बायकोला मी चार पट्ट्या आणि एरंडेल नेऊन दिलं. वापरते की नाही ते परवा जाऊन बघणार आहे.

इथे कोंबड्या आहेत. त्यांना वळण लागत नाही.

आता दोन शुक्रवार. एकोणतीस तारखेला काही झालं नाही. त्या एका दिवसावर मी विश्वास ठेवला नाही आणि तुला कळवलंही नाही. गेला शुक्रवार, पाच तारखेचा, हा दुसरा. त्या दिवशी शाळा सुटून अर्धा तास झाला तरी ही घरी आली नाही. मी दारात जाऊन उभी राहिले. गोळ्यांची बाटली पदरात होती. बाजारपेठेतून आली असेल, कुठे बसली असेल, हे सगळं मनात येऊन गेलं. एवढ्यात बांधावरून येताना दिसली. धावत. दप्तर पाठीवर आपटत होतं, वेणी सुटलेली. दारात येऊन थांबली.

मी म्हटलं, "हे काय गोदावरी? मुली रस्त्याने अशा धावतात? आणि इतका वेळ कुठे होतीस?"

म्हणाली, "बाईंनी विज्ञानाच्या वह्या तपासायला थांबवलं होतं. उशीर झाला म्हणून धावत आले. शाळेपासून."

"शाळेपासून?"

"हो. सगळं."

मी तिच्या छातीला कान लावला. तिला नवल वाटलं असावं, पण हलली नाही. आवाज नव्हता. फक्त धावून आलेल्या मुलीचं काळीज धडधडतं तेवढं धडधडत होतं.

"परत धावून दाखवू?" तिने विचारलं. "वडाच्या पारापर्यंत?"

पाटलांच्या घरातल्या बायका उंबऱ्यात येऊन बघत होत्या. मी शाळेत असते तर अशा मुलीला बाकावर उभी केली असती. मी "दाखव" म्हणाले, आणि घड्याळ आणायला आत गेले.

तुझी
ताई